पाण्याच्या हिशोबाने वाळवंट: जोशुआ ट्री, मोहावी आणि डेथ व्हॅलीत तंबू ठोकून सात दिवस

दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांत सहलीचा बेत ठरताना सहसा दोन प्रश्न आधी येतात: किती ठिकाणं होतील आणि किती तास ड्रायव्हिंग आहे. वाळवंटात हे दोन्ही प्रश्न दुसऱ्या नंबरवर जातात. पहिला प्रश्न आहे, आज गाडीत किती पाणी आहे आणि पुढचा भरवशाचा नळ कुठे आहे.

हे मला एखाद्या पुस्तकाने नाही, माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्या आटपाडीच्या, माणदेशातल्या. बालपण टँकरच्या रांगेत गेलेलं. पहिल्यांदा आमच्याबरोबर जोशुआ ट्रीला आल्या तेव्हा गाडीतले प्लास्टिकचे कॅन बघून म्हणाल्या, "अगं, हे पाणी किती दिवसांचं? प्यायचं कुठलं आणि भांड्यांचं कुठलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी खडूने कॅनवर खुणा केल्या, आणि तेव्हापासून आमची प्रत्येक वाळवंटी सहल त्या खुणांवरूनच आखली जाते. खाली दिलेला बेत चार माणसांचा आणि लॉस एंजेलिसहून निघून परत येण्याचा आहे: दोन रात्री जोशुआ ट्री नॅशनल पार्क, एक रात्र मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह, तीन रात्री डेथ व्हॅली नॅशनल पार्क.

आधी तारीख ठरवा

ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चअखेरपर्यंत, बस. एप्रिलचा पहिला पंधरवडा जोशुआ ट्रीला चालतो, डेथ व्हॅलीत तोवर ऊन चढलेलं असतं. फर्नेस क्रीक या डेथ व्हॅलीतल्या मुख्य ठिकाणी जुलैत दुपारचं सरासरी तापमान ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंशांची नोंद झाली आणि तोच आजवरचा जागतिक विक्रम मानला जातो. जमीन तर त्याहून तापते: जुलै १९७२ मध्ये तिथल्या जमिनीचं तापमान ९४ अंश नोंदलं गेलं होतं. पाहुणे जून-जुलैत भारतातून येतात म्हणून त्यांना उन्हाळ्यात तंबूत मुक्कामी नेण्याचा विचार कृपया करू नका. तेव्हा न्यायचंच असेल तर गाडीतून, पक्क्या रस्त्याने, एका दिवसात जाऊन या.

नोव्हेंबरमध्ये फर्नेस क्रीकला दिवसा साधारण २५ आणि रात्री ९ अंश असतात, म्हणजे आपल्याकडचा ऐन थंडीतला पुणेरी दिवस. जोशुआ ट्रीचा मुक्काम मात्र चार हजार फुटांवर असतो. तिथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी गोठतं.

आता चंद्र. या तिन्ही ठिकाणी आकाश इतकं काळं असतं की आकाशगंगा डोळ्यांना सरळ दिसते. त्यासाठी अमावस्येच्या आसपासची तारीख हवी, आणि इथे आपलं पंचांग फार उपयोगी पडतं. लक्ष्मीपूजन अमावस्येला असतं, त्यामुळे भाऊबीज झाल्यावर लगेच येणाऱ्या शनिवार-रविवारी चंद्रकोर संध्याकाळीच मावळते, हवा उत्तम असते, आणि घरात फराळाचे डबे भरलेले असतात. भिंतीवरचं कालनिर्णय बघून तारीख ठरवण्याइतकं सोपं आहे हे. थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि नाताळ ते नवीन वर्ष हा काळ मात्र टाळा. तेव्हा जागाही मिळत नाही आणि शांतताही.

मग बुकिंग

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं आणि बहुतेक जागा सहा महिने आधी खुल्या होतात. जोशुआ ट्रीमध्ये जंबो रॉक्स या तळाला (तळ म्हणजे तंबू लावायची आखून दिलेली जागा) पहिली पसंती द्या. गोल गुळगुळीत ग्रॅनाइटच्या धोंड्यांमध्ये १२४ जागा आहेत आणि प्रत्येकीला कुठल्या ना कुठल्या दगडाची सावली मिळते. पण लक्षात ठेवा, जंबो रॉक्सला पाणी नाही. हिडन व्हॅली, रायन, बेल आणि व्हाइट टँकलाही नाही. नळ हवा असेल तर ब्लॅक रॉक किंवा कॉटनवूड.

डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकचा तळ समुद्रसपाटीच्या १९६ फूट खाली आहे, तिथे नळ आहेत, शौचालयं आहेत, आणि थंडीच्या मोसमात आरक्षण लागतं. त्याच्या शेजारचा टेक्सस स्प्रिंग टेकडीच्या कुशीत असल्याने मला जास्त आवडतो. सनसेट नावाचा तळ म्हणजे निव्वळ खडीचं मैदान आहे, मोठ्या गाड्यांना ठीक. उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर जायची वेळ आलीच तर एक गोष्ट उपयोगी पडते: दर हजार फूट चढाला तापमान तीन ते पाच अंश फॅरनहाइट उतरतं. वाइल्डरोझचा तळ ४,१०० फुटांवर आहे, म्हणजे खाली काहिली होत असताना वर झोप लागते.

प्रवेश शुल्क जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅली दोन्हीकडे गाडीमागे ३० डॉलर आहे आणि ते सात दिवस चालतं. मोहावीला शुल्क नाही. वार्षिक पासाचे नियम अलीकडे बदलत आहेत, निघण्याआधी पार्क सेवेच्या संकेतस्थळावर ताजी माहिती बघा. त्याच वेळी रस्त्यांची स्थितीही बघा, आणि ही गोष्ट मी कळकळीने सांगते. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळामुळे डेथ व्हॅलीत एका दिवसात २.२ इंच पाऊस पडला. तिथे वर्षभरातच साधारण दोन इंच पडतो. रस्ते वाहून गेले आणि पार्क १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. मोबाइलमधल्या नकाशाला असे बंद रस्ते वेळेवर कळतीलच असं नाही.

पाण्याचा हिशोब

पिण्यासाठी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. चालणार असाल तर त्याहून जास्त. स्वयंपाक आणि भांडी मिळून सगळ्यांना रोज एक गॅलन. आपल्या मार्गात भरवशाचे नळ साधारण तीन दिवसांच्या अंतराने येतात असं धरा. चार माणसांचे तीन दिवस म्हणजे बारा गॅलन पिण्याचे, तीन वापराचे, आणि पाच गॅलन राखीव, गाडी बंद पडली तरच फोडायचे. एकूण वीस गॅलन, म्हणजे पंचाहत्तर लिटर. हंडा पंधरा लिटरचा धरला तर बरोबर पाच हंडे.

हे वजन पंचाहत्तर किलोचं आहे, एका मोठ्या माणसाइतकं. ते टपावर चढवू नका, गाडी वळणावर झुकते. डिकीत तळाला, मागच्या चाकांच्या आसावर ठेवा. एकच मोठं पिंप घेऊ नका. ते एकदा गळलं की सगळं गेलं. अडीच गॅलनचे आठ कॅन घ्या. सासूबाईंच्या पद्धतीने त्यांतल्या पाचांवर "पि", एकावर "वा" आणि दोघांवर "रा" लिहा. पिण्याचं पाणी थोडंच उरलं तरी "रा" अक्षराला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे, मुलंसुद्धा पाळतात.

पिण्याचं पाणी नुसतं प्यायचं नाही, हे समजून घेणं फार महत्त्वाचं. मुंबई-कोकणात घाम निथळतो, कपडे चिकटतात, त्यामुळे शरीरातलं पाणी चाललंय हे जाणवतं. या कोरड्या हवेत घाम कातडीवर येताक्षणी उडून जातो. अंग कोरडं, आणि संध्याकाळी टोपीच्या कडेवर पांढरी मिठाची रेघ. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आणि मीठ न घेता लिटरच्या लिटर पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, लोणच्याची फोड, कोकमाचं आगळ मीठ घालून, असं काहीतरी पोटात जाऊ द्या. घरगुती जलसंजीवनीचं प्रमाण पाठ असू द्या: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

गाडी

साधी सेडान या संपूर्ण मार्गाला चालते, कारण मी सांगतेय ते रस्ते जवळजवळ सगळे पक्के आहेत. निघण्यापूर्वी कूलंट, ऑइल, बेल्ट आणि टायर मेकॅनिककडून बघून घ्या. एक काम स्वतः करा: डिकीचं फळकूट उचलून स्टेपनी आहे का बघा. अनेक नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, नुसता पंक्चरचा डबा असतो, आणि धारदार दगडाने टायरची बाजू फाटली तर तो निरुपयोगी. जॅक वाळूत रुततो, म्हणून त्याखाली घालायला हातभर लांबीची जाड लाकडी फळी बरोबर ठेवा.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं. जोशुआ ट्रीच्या हद्दीत पंप नाही. ट्वेंटीनाइन पाम्सला टाकी पूर्ण भरा, पुढे बेकरपर्यंत मधे पेट्रोल मिळेलच असं धरू नका. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक, स्टोव्हपाइप वेल्स आणि पॅनामिंट स्प्रिंग्जला पंप आहेत, महाग आहेत, पण आहेत.

लांब चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, खिडक्या उघडा. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, खालचा गिअर टाका. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते. रेसट्रॅक नावाच्या सुकलेल्या तळ्यावर दगड आपोआप सरकल्यासारखे लांब रेघा ओढतात, ते बघायचा मोह सगळ्यांना होतो. (कोडं सुटलंय: हिवाळ्यात तळ्यावर उथळ पाणी साचून त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, तो वितळताना फुटतो आणि मंद वाऱ्याने दगडांना ढकलत नेतो. संशोधकांनी हे प्रत्यक्ष पाहून २०१४ मध्ये जाहीर केलं.) पण तिथला सत्तावीस मैलांचा रस्ता टायर खाणारा आहे. उंच गाडी आणि दणकट टायर नसतील तर तो सोडून द्या.

या भागात फोनला रेंज नाहीच असं धरून चला. नकाशे आधीच डाउनलोड करा, प्रवेशद्वारावर मिळणारा कागदी नकाशाही समोर ठेवा. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवता येतो, त्याचा सराव घरच्या अंगणात करून बघा. घरी एका माणसाकडे रोजच्या मुक्कामाची यादी द्या. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. बॉनेट उघडून ठेवायचं, गाडीच्या सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. वरून शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

तंबू, वारा आणि थंडी

वाळवंटात तंबूचा शत्रू पाऊस नाही, वारा आहे. एका मार्चमध्ये स्टोव्हपाइप वेल्सला आम्ही दुपारी तंबू लावला, चार कोपऱ्यांना चार बारीक खुंट्या मारल्या आणि वाळूच्या टेकड्यांकडे गेलो. तासाभरात वारा सुटला. परत आलो तर तंबू शंभर पावलांवर झुडपाला अडकलेला, दांडी दोन ठिकाणी मोडलेली, आणि सगळ्या पांघरुणांत बोटभर वाळू. ती रात्र चौघांनी गाडीत बसून काढली. धाकटा रडत नव्हता, फक्त दर तासाला विचारत होता की सकाळ कधी होणार.

तेव्हापासून आम्ही असं करतो. कडक जमिनीसाठी सळईच्या फूटभर लांब खुंट्या आणि चांगला हातोडा. मऊ वाळूत खुंटी धरत नाही, तिथे कापडी पिशवीत वाळू भरायची, तिला दोर बांधायचा आणि ती हातभर खोल पुरायची. कोपऱ्यांत आतून पाण्याचे भरलेले कॅन ठेवायचे. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे. दिवसभर बाहेर जाणार असाल आणि वाऱ्याचा अंदाज असेल तर तंबू सरळ पाडून, वर दगड ठेवून जायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

जागा निवडताना कोरड्या ओढ्याचं पात्र टाळा. वाळू सपाट, स्वच्छ आणि मोहक असते, पण ती पाण्याने आणलेली असते. दहा मैलांवरच्या डोंगरात पाऊस पडला की तुमच्या डोक्यावर तारे असतानाही लोंढा येतो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. सहा इंच वेगवान पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाणी लहान गाडी वाहून नेतं.

थंडीबद्दल लोक फसतात. दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरणारा माणूस पहाटे दात वाजवत उठतो, कारण कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही. स्लीपिंग बॅगवर लिहिलेलं तापमान आरामाचं नसतं, कसंबसं निभावण्याचं असतं. तिथे २० अंश फॅरनहाइट लिहिलं असेल तर ३०-३५ पर्यंतच गाढ झोपेची अपेक्षा ठेवा. आणि थंडी वरून कमी, खालून जास्त येते. गादीखाली एक जाड गोधडी घातली की दोन रग अंगावर घेतल्यासारखं होतं. आमच्याकडे आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी खास या कामासाठी आहे.

दिवसा मात्र सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, रुंद काठाची टोपी, आणि गळ्यात ओला पंचा. पंचा वाळताना मानेला जो गारवा देतो त्याची सर कुठल्याही महागड्या टॉवेलला नाही.

सामानात एक साधी मोठ्या दातांची फणी जरूर टाका. का, ते पुढे येतं.

स्वयंपाक

इथे एकच कसोटी लावा: या पदार्थाचं भांडं धुवायला किती पाणी लागेल? या कसोटीवर पिठलं नापास होतं, कितीही आवडलं तरी. ते कढईला धरतं. घरून करून नेलेल्या दशम्या दोन-तीन दिवस उत्तम राहतात, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पहिल्या दोन दुपारी निघतात. नाश्त्याला पातळ पोहे घरीच फोडणीत कुरकुरीत परतून, मीठ-साखर-सुकं खोबरं घालून पिशवीत भरा. वाडग्यात उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकलं की झाले. सातूचं पीठ आणि गूळ तर विस्तवही मागत नाही. रात्री छोट्या कुकरमध्ये मूगडाळीची खिचडी: कुकर पाणीही वाचवतो आणि गॅसही. वर मेतकूट आणि तूप.

भांडी आधी कागदाने पुसायची, तो कागद कचऱ्याच्या पिशवीत, मग कपभर पाण्यात धुवायची. सासूबाईंनी पहिल्याच रात्री शेकोटीच्या खड्ड्यातली गार झालेली राख चिमूटभर घेऊन ताटं कोरडीच घासली आणि पुसून ठेवली. लख्ख. त्या दिवशी भांड्यांचं पाणी जवळजवळ लागलंच नाही.

शेकोटी फक्त ठरवून दिलेल्या लोखंडी कड्यात, आणि लाकूड बाहेरून विकत आणलेलं. तिथली वाळकी काटकी उचलायला मनाई आहे, आणि ती योग्य आहे. ऑगस्ट २०२० मध्ये मोहावीतल्या सिमा डोमला वीज पडून आग लागली, त्रेचाळीस हजार एकर जळलं आणि अंदाजे तेरा लाख जोशुआ झाडं (जोशुआ ट्री पार्कचं नाव यांच्यावरूनच) गेली. बाहेरून आलेलं गवत झाडांमधल्या मोकळ्या जमिनीत माजलंय, त्यावरून आग पळते, आणि या झाडांना आगीची सवय नाही. वारा असेल त्या रात्री शेकोटी पेटवूच नका.

दिवसांची आखणी

पहिला दिवस. लॉस एंजेलिसहून सकाळी सातला निघा, १४० मैल आहेत. युका व्हॅलीत शेवटचा किराणा आणि बर्फ. शनिवारी पश्चिम दरवाजावर रांग लागते, तेव्हा पुढे जाऊन ट्वेंटीनाइन पाम्सच्या उत्तर दरवाजाने आत या. आत शिरण्यापूर्वीच सगळे कॅन भरलेले हवेत. जंबो रॉक्सला दुपारपर्यंत पोचून उजेडात तंबू लावा. उन्हं उतरली की तळापासून चालत स्कल रॉकपर्यंत जाऊन या.

दुसरा दिवस. सूर्योदयाला चोया कॅक्टस गार्डन. या निवडुंगावर सूर्य मागून आला की प्रत्येक काटा सोनेरी पेटतो, असं वाटतं की झाडावर कापूस लावलाय. हात लावू नका. याचे गोळे नुसत्या स्पर्शाने सुटून अंगात रुततात. माझ्या मुलीच्या पोटरीला एक चिकटला तेव्हा मी हाताने ओढायला गेले आणि तो माझ्या बोटांत घुसला. फणी अशा वेळेसाठी: फणीचे दात कातडी आणि गोळा यांच्यामध्ये सरकवायचे आणि एका झटक्यात बाहेर उडवायचा, कुणी समोर उभं नाही हे बघून. उरलेले काटे चिमट्याने.

दहाच्या आत हिडन व्हॅलीची मैलभराची फेरी. जोशुआची झाडं इथे जवळून बघा. या झाडाचं परागण युका पतंग नावाचा एवढासा पांढरट पतंग करतो. मादी परागकण गोळा करून फुलात नेऊन भरते, तिथेच अंडी घालते, आणि तिच्या अळ्या थोड्या बिया खाऊन बाकीच्या झाडाला ठेवतात. एकाशिवाय दुसरं नाही. वाटेच्या बाहेर पाऊल टाकू नका. जमिनीवरची काळपट खरबरीत साय दिसते ती जिवंत असते, आणि एका पावलाने मोडली की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

अकरा ते तीन दगडाच्या सावलीत. वाचा, झोपा, पत्ते खेळा. हा वेळ वाया जात नाही, वाळवंटातले सगळे प्राणी याच वेळी हेच करतात. संध्याकाळी कीज व्ह्यू, ५,१८५ फूट: खाली सान अँड्रियास भ्रंशाची रेघ आणि दूर सॉल्टन सीचं पाणी.

तिसरा दिवस. ट्वेंटीनाइन पाम्सला टाकी आणि कॅन भरून अँबॉयमार्गे उत्तरेला. आय-४० हायवेवर पूर्वेला जाऊन एसेक्स रस्त्याने होल-इन-द-वॉलचा तळ. मोहावी हे नॅशनल पार्क नसून नॅशनल प्रिझर्व्ह आहे, म्हणून इथे नियमांत राहून शिकार चालते. शरद ऋतूत भडक रंगाचे कपडे घाला. उन्हं कलल्यावर रिंग्ज ट्रेल: भोकाभोकांच्या ज्वालामुखी खडकांच्या अरुंद घळीतून लोखंडी कड्यांना धरून चढायचं. आठ वर्षांपुढच्या मुलांना हा सगळ्या सहलीतला आवडता भाग वाटतो. गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं.

गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा. वाळवंटी कासव सावलीसाठी चाकाशी बसतं. त्याला उचलू नका. घाबरलं की ते साठवलेलं पाणी मूत्रावाटे सोडून देतं, आणि कोरड्या मोसमात तेवढ्याने त्याचा जीव जाऊ शकतो.

चौथा दिवस. पहाटे निघून केल्सो ड्यून्स. जाऊन-येऊन तीन मैल, पण वाळूत दोन पावलं वर गेलं की एक खाली येतं, त्यामुळे दोन-अडीच तास धरा. माथ्यावर पोचल्यावर बसून घसरत खाली या. वाळू कोरडी असेल तर तुमच्याखालून खर्जातला घुमारा निघतो, लांब कुठेतरी तंबोरा लावल्यासारखा, आणि तो कानांपेक्षा मांड्यांना आधी कळतो. मुलांना गप्प बसवून ऐका.

मग केल्सोवरून बेकर. तिथला १३४ फूट उंचीचा थर्मामीटर डेथ व्हॅलीच्या त्या १३४ अंश फॅरनहाइटच्या विक्रमाची आठवण म्हणून आहे. पेट्रोल, बर्फ, गरम जेवण, आणि १२७ नंबरच्या रस्त्याने शोशोनीमार्गे डेथ व्हॅली. अंधार पडायच्या आत फर्नेस क्रीकला पोचा.

पाचवा आणि सहावा दिवस डेथ व्हॅलीत. सूर्योदय झब्रिस्की पॉइंटला, लगेच गोल्डन कॅनियन, दहाच्या आत परत. दुपारी व्हिजिटर सेंटर. त्याच्याजवळच टिंबिशा शोशोनी लोकांची वस्ती आहे. ही भूमी त्यांची, पार्कच्या कितीतरी आधीपासून, आणि २००० च्या कायद्याने त्यातला काही भाग त्यांना रीतसर परत मिळाला. ती राहती घरं आहेत, फोटो काढायला आत जाऊ नका. चारनंतर आर्टिस्ट्स ड्राइव्ह, मग बॅडवॉटर: समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल ठिकाण. गर्दी सुरुवातीच्या लाकडी पायवाटेजवळच थांबते. मैलभर आत चालत जा, मिठाच्या षट्कोनी वाफ्यांची शेतं तिथे सुरू होतात. अंधार पडेपर्यंत थांबा. तांबड्या उजेडाची विजेरी वापरली की डोळे अंधाराला सरावलेले राहतात.

सहाव्या दिवशी पहाटे मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या, रात्रीच्या उंदरांच्या आणि भुंग्यांच्या पावलांच्या नक्ष्या वाऱ्याने पुसण्याआधी. दुपारी खाली न बसता वर चढा: दांतेज व्ह्यू साडेपाच हजार फुटांवर आहे, तिथे भर दुपारी शाल लागते. खाली बॅडवॉटरचं पांढरं मैदान आणि समोर ११,०४९ फुटांचं टेलिस्कोप शिखर एका नजरेत येतं. रोज सकाळी बूट झटकून घाला, विंचू आत शिरतो. जांभळ्या अतिनील विजेरीत विंचू हिरवा चमकतो, मुलांना दाखवा, पण हातभर लांबून. कोल्हे रस्त्यावर येऊन तोंडाकडे बघत उभे राहतात. त्यांना चिवड्याचा दाणासुद्धा देऊ नका. सवय लागली की ते गाड्यांखाली येतात.

कुणाला भोवळ, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं असं काही दिसलं तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, पाणी शिंपडून वारा घाला. शुद्धीत असेल तरच घोटघोट जलसंजीवनी. बोलण्यात सुसूत्रता नसेल तर तो उष्माघात आहे, वाट न बघता ९११ ला कळवा.

सातवा दिवस. १९० नंबरने पश्चिमेला फादर क्राउली पॉइंट, पुढे लोन पाइन. काल खंडाच्या तळाशी होतात, आज समोर १४,५०५ फुटांचा माउंट व्हिटनी. लोन पाइनहून थोडं उत्तरेला मँझनार आहे, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलेली छावणी, तासभर द्या. तिथून ३९५ ने दक्षिणेला घर. बे एरियाचे लोक असाल तर हिवाळ्यात योसेमिटीतून जाणारा टायोगाचा घाट बंद असतो, टेहाचापी-बेकर्सफील्डवरून जा.

"रा" लिहिलेले दोन कॅन लोन पाइन येईपर्यंत फोडायचे नाहीत. तिथल्या पंपावर पोचल्यावर त्यातल्याच पाण्याने बुटांच्या तळांना चिकटलेलं बॅडवॉटरचं मीठ धुऊन टाका, आणि घरी आल्यावर गाडी खालून धुऊन घ्या, नाहीतर पत्रा गंजतो.